फुकट तपासणी सगळ्यात महाग पडते



कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं म्हणणारी मुलं पहिला प्रश्न हमखास हाच विचारतात : "सर, सुरुवातीला माल कितीचा भरू?" कोणी दोन लाखांचं गणित घेऊन येतो, कोणी पाच लाखांचं. माझं उत्तर त्यांना जरा विचित्र वाटतं. मी म्हणतो, आधी एक चांगला मल्टिमीटर घ्या आणि तो वापरायला शिका. मालाचं नंतर बघू.

असं का म्हणतो, ते आज सविस्तर सांगतो. माझं मत स्पष्ट आहे. कार स्टिरिओच्या धंद्यात आता विकायची खरी वस्तू स्टिरिओ नाही, फॉल्ट शोधणं ही आहे. आणि हा फॉल्ट शोधून देण्याचे पैसे तुम्ही वेगळे, उघडपणे आणि आधी सांगून घेतले पाहिजेत. "तपासणी फुकट" असा बोर्ड लावणारा स्वतःचंही नुकसान करतो आणि ग्राहकाचंही.

डबा ग्राहक स्वतःच घेऊन येतो

पूर्वी दुकानदार स्टिरिओवर कमवायचा आणि फिटिंग त्यातच धरायचा. आता ग्राहक मोबाईलवर किंमत बघूनच दुकानात शिरतो. बऱ्याचदा तर अँड्रॉइड सिस्टीम ऑनलाइन मागवून डबा काखेत मारूनच येतो आणि म्हणतो, "दादा, फक्त बसवून द्या." तुमचं मार्जिन तिथंच संपलं. पण त्या डब्यात एक गोष्ट येत नाही. गाडीत बसवल्यावर आवाज का फाटतोय, सकाळी बॅटरी का बसलेली असते, स्टिरिओ मध्येच बंद का पडतो, याचं उत्तर कुरिअरनं येत नाही. ते शोधणारा माणूस लागतो. तो माणूस तुम्ही व्हा.

"बदलून बघू" हा आपल्या धंद्याचा रोग

तक्रार आली की आपल्याकडं पहिलं वाक्य काय असतं? "स्पीकर गेलाय वाटतं, बदलून बघू." स्पीकर बदलला, फरक नाही. मग "ॲम्प गेला असेल". तोही बदलला. शेवटी कळतं की दरवाजाच्या बिजागरीपाशी वायर सोलली गेली होती आणि बॉडीला टेकत होती. दोन रुपयांच्या टेपचं काम, पण ग्राहकाचे काही हजार गेले.

हे असं का होतं? मेकॅनिक लबाड असतो म्हणून नेहमीच नाही. तपासणीचे पैसे मिळत नाहीत म्हणून होतं. तुम्ही तासभर गाडीखाली, डॅशबोर्डच्या आत डोकं घालून फॉल्ट शोधलात आणि तो निघाला एक सैल स्क्रू, तर फुकट तपासणीच्या हिशेबात तुम्हाला मिळाले शून्य रुपये. पण न शोधता एक पार्ट विकलात तर मार्जिन मिळतं. म्हणजे फुकट तपासणी तुम्हाला रोज हळूहळू चुकीच्या सवयीकडं ढकलते. चांगला माणूससुद्धा यात घसरतो.

मीटर कसं बोलतं, ते समजून घ्या

आता प्रत्यक्ष कामाकडं येऊ. रोज येणाऱ्या पाच तक्रारी घेतो. यावरून तुम्हाला कळेल की मी "तपासणी" म्हणतो म्हणजे नेमकं काय.

पहिली तक्रार : स्टिरिओ चालूच होत नाही. बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या मागं तीन वायरी महत्त्वाच्या असतात. पिवळी म्हणजे कायम १२ व्होल्ट, चावी काढली तरी. लाल म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा करंट, त्याला आपण एसीसी म्हणतो. काळी म्हणजे अर्थ. आधी स्टिरिओच्या मागचा आणि गाडीच्या फ्यूज बॉक्समधला फ्यूज बघा. मग मीटर डीसी व्होल्टवर ठेवून पिवळी-काळी आणि लाल-काळी तपासा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४.

इथं एक बारकावा आहे. वायरचा एखादाच धागा शिल्लक असला तरी मीटर आरामात १२ व्होल्ट दाखवतं, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून या तीन वायरींवर साधा बल्बवाला टेस्ट लॅम्पही लावून बघा. मीटर १२ दाखवतंय पण बल्ब मिणमिणतोय, तर समजा वायर किंवा जोड कमजोर आहे. काळ्या वायरसाठी अजून एक टेस्ट : गाणं मोठ्या आवाजात चालू ठेवा, मीटरची एक पिन स्टिरिओच्या काळ्या वायरवर आणि दुसरी थेट बॅटरीच्या मायनसवर ठेवा. ०.२ व्होल्टच्या वर आलं तर अर्थिंगवर संशय घ्या.

आणि गाडीच्या मूळ वायरिंगच्या रंगावर कधीही विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. रंग बघून जोडणारा आणि मीटर लावून जोडणारा, यांच्या कामात फरक पडतोच.

दुसरी तक्रार : "रोज सेटिंग उडतं" किंवा "बॅटरी उतरते". काही गाड्यांच्या कपलरमध्ये पिवळ्या आणि लाल वायरची जागा उलटी असते. तसंच जोडलं की चावी काढल्यावर स्टिरिओ घड्याळ आणि स्टेशनं विसरतो. दोन्ही वायरी कायम करंटवर जोडून "जुगाड" केला की स्टिरिओ कधी पूर्ण झोपतच नाही. समजा तो गाडी बंद असताना अर्धा ॲम्पिअर खातोय. दिवसाला १२ ॲम्पिअर-तास झाले. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ ॲम्पिअर-तासांची असेल, तर दोन दिवसांनी स्टार्टर रडायला लागतो आणि तिसऱ्या दिवशी गाडी ढकलायची वेळ येते. ग्राहक नवी बॅटरी घेतो. तीही उतरते.

याची तपासणी अशी. मीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर घ्या, लाल पिन मीटरच्या १० ॲम्पिअरच्या होलमध्ये घाला, बॅटरीची मायनस वायर काढून मीटर मध्ये जोडा, दरवाजे बंद करा आणि अर्धा तास थांबा, कारण गाडीतले बाकीचे युनिट झोपायला वेळ घेतात. साधारण ५० मिलीॲम्पिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा खाली येतो, चोर त्या लाईनवर आहे. मीटर जोडलेलं असताना गाडी स्टार्ट करू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

तिसरी तक्रार : "रेस दिली की स्पीकरमधून शिट्टी येते". इंजिनचा वेग वाढला की शिट्टीही चढते, म्हणजे अल्टरनेटरचा आवाज सिस्टीममध्ये शिरतोय. आधी मोबाईलचा चार्जर काढून बघा, कधीकधी तिथंच संपतं. नाही संपलं तर ॲम्प बंद करून त्याच्या आरसीए केबल काढा आणि पुन्हा चालू करा. शिट्टी थांबली तर गडबड हेड युनिट किंवा केबलच्या बाजूला आहे. चालूच राहिली तर ॲम्पची पॉवर किंवा अर्थिंग बघा. रंगावरच स्क्रू मारून अर्थ घेतलेला असतो, तो खरवडून उघड्या पत्र्यावर, लग लावून, बोल्टनं घट्ट करा. आरसीए केबल आणि ॲम्पची पॉवर केबल एकाच बाजूनं नेली असेल, तर दोन्ही वेगळ्या बाजूंनी न्या.

चौथी तक्रार : आवाज वाढवला की बंद पडतो, किंवा बेसच नाही. आजच्या स्टिरिओमध्ये स्पीकरची मायनस वायर म्हणजे अर्थ नव्हे. ती बॉडीला टेकली की स्टिरिओ स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. म्हणून स्टिरिओ बंद करून चारही स्पीकर मागून सोडवा. मीटर ओहमवर ठेवून प्रत्येक जोडी मोजा. ४ ओहमचा चांगला स्पीकर मीटरवर साधारण ३ ते ४ च्या मध्ये दाखवतो. मग प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यामध्ये मोजा, तिथं काहीच दाखवायला नको. दाखवलं, तर त्याच वायरच्या मागं लागा. दरवाजाच्या रबरी नळीत ती दुमडून सोललेली असण्याची शक्यता दाट. हे मोजताना दरवाजा उघड-बंद करत राहा, नाहीतर फॉल्ट लपतो.

बेस नसेल तर एखाद्या स्पीकरची प्लस-मायनस उलटी झालीय का ते बघा. सोडवलेल्या जोडीला दीड व्होल्टचा साधा सेल क्षणभर लावा. प्लस बरोबर असेल तर कोन बाहेर येतो, उलटी असेल तर आत जातो.

पाचवी तक्रार : फ्यूज सारखा उडतो. इथं मी कडक बोलणार आहे. १० चा लाल फ्यूज उडतोय म्हणून ३० चा हिरवा लावणारे लोक मी बघितलेत. काहीजण तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतात. लक्षात घ्या, फ्यूजचं मुख्य काम वायर वाचवणं हे आहे. वायर जाड झाली नाही आणि फ्यूज मोठा झाला, म्हणजे आता फ्यूजच्या आधी वायर जळणार. ती कार्पेटखाली, सीटखाली जळणार, आणि गाडीत माणसं असतील. म्हणून फ्यूज का उडतोय ते सापडेपर्यंत गाडी त्या लाईनसकट परत द्यायची नाही. ग्राहक घाईत असेल तर लाईन बंद करून, टेप लावून द्या आणि बिलावर तसं लिहा. ॲम्प बसवताना बॅटरीपासून एक-दीड फुटाच्या आत मेन फ्यूज लावायचाच. "पुढच्या वेळी लावू" असं काही नसतं.

कुठं हात लावायचा नाही

स्टिअरिंगच्या आसपास आणि डॅशबोर्डमध्ये एअरबॅगच्या वायरी असतात, बहुतेक गाड्यांत त्यांचे कपलर पिवळे असतात. आपली १२ व्होल्टची पिवळी वायर वेगळी आणि हा पिवळा कपलर वेगळा. त्यात टेस्ट लॅम्प खुपसायचा नाही, मीटरही लावायचं नाही. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांत नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज, जिवाशी खेळ. त्या गाड्यांतही स्टिरिओ १२ व्होल्टवरच चालतो, पण नारिंगी केबलच्या वाटेला जायचं नाही. आणि नव्या गाडीची मूळ वायर कापू नका. त्या गाडीचा तयार कपलर मिळत असेल तर तोच वापरा. वायर कापलेली दिसली तर सर्व्हिस सेंटर वॉरंटी नाकारायला मोकळं होतं, आणि ग्राहक तुमच्या दारात उभा राहतो.

आता पैशाचं बोलू

उदाहरणासाठी एक हिशेब मांडतो, आकडे तुम्ही तुमच्या गावाचे घाला. दुकानाचं भाडं ८,०००. मदतनीस मुलगा १०,०००. लाईट, फोन, पेट्रोल, टेप, सोल्डर मिळून ४,०००. तुमचा स्वतःचा पगार १८,०००, आणि हा धरायचाच, कारण घर त्यावर चालतं. झाले महिन्याला ४०,०००. महिन्यात २५ दिवस, रोज ८ तास, म्हणजे २०० तास. पण त्यातले निम्मे तास वाट बघण्यात, माल आणण्यात, फोनवर जातात. कामाचे तास राहिले १००. म्हणजे तुमचा एक तास ४०० रुपयांना पडतो. नफा अजून धरलेलाच नाही.

आता बघा. स्टिरिओवर ५०० रुपये मार्जिन ठेवून "फिटिंग फ्री" दिलंत. फिटिंगला दीड तास लागला, म्हणजे ६०० रुपयांचा वेळ. धंदा सुरू व्हायच्या आधीच १०० रुपये खिशातून गेले. तीच गाडी शिट्टी येते म्हणून दोनदा परत आली आणि तीन तास गेले, तर अजून १,२०० रुपये. दुकानात गर्दी दिसते, गल्ला मात्र रिकामा. यात दोष गिऱ्हाइकाचा नाही. तासाची किंमत तुम्हीच काढली नव्हती.

म्हणून तपासणीचा दर ठरवा. या हिशेबात पाऊण तासाचे ३०० रुपये होतात. बोर्डवर लिहा. तपासणी झाली की फॉल्ट काय, खर्च किती, हे सांगा. दुरुस्ती इथं करायची का दुसरीकडं, हे ग्राहकाला ठरवू द्या.

"पण सर, आमच्याकडं कोणी देणार नाही"

हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. "दादा, नुसतं बघायचे पैसे?" हे तुम्हाला ऐकावं लागणार. पण तोच माणूस घरी फ्रिज किंवा वॉशिंग मशीन बघायला मेकॅनिक आला की व्हिजिट चार्ज देतो. तिथं देतो, कारण तिथं फोनवरच सांगितलेलं असतं. आपण काम झाल्यावर डोकं खाजवत "द्या काहीतरी" म्हणतो, म्हणून आपल्याकडं घासाघीस होते.

तेव्हा बोलायची पद्धत बदला. गाडीला हात लावायच्या आधी म्हणा, "साहेब, तपासणीचे ३०० रुपये होतील. फॉल्ट सापडला नाही तर एक रुपया घेणार नाही. सापडला तर मीटरवर तुम्हाला दाखवून मगच पुढचं बोलू." यात ग्राहकाची जोखीम तुम्ही घेतली. काहीजण तरीही निघून जातील, जाऊ द्या. सुरुवातीला अडचण वाटत असेल तर दुरुस्ती तुमच्याकडंच केली तर तपासणीतले निम्मे पैसे बिलात वळते करा. पूर्ण माफ मात्र करू नका. एकदा माफ केलेला दर परत येत नाही.

अजून एक. शेजारचा जुना इलेक्ट्रिशियन काका फुकट बघून देत असेल, तर त्याच्याशी भांडण नको. त्याच्याकडं तीस वर्षांची गिऱ्हाइकं आहेत, जागा स्वतःची आहे. त्याचं गणित वेगळं, तुमचं वेगळं. उलट तुमच्याकडं न सुटलेली गाडी त्याला दाखवा. अनुभवाची फी द्या, शिका.

लिहून ठेवा

तपासणीचे पैसे घेतले की ती कागदावर दिसली पाहिजे. साधं जॉब कार्ड छापा. गाडीचा नंबर, तक्रार ग्राहकाच्या शब्दांत, इंजिन बंद आणि चालू असतानाचे व्होल्ट, बंद गाडी किती करंट खाते, चारही स्पीकरचे ओहम, आणि आधीच्या माणसानं केलेले जोड कसे होते. पॅनल उघडल्या उघडल्या मोबाईलवर फोटो काढा. उद्या कोणी म्हणालं "तुमच्यामुळं झालं", तर तुमच्याकडं तारीख आणि फोटो असतो. आणि सहा महिन्यांनी तोच मॉडेल परत आला की जुनं कार्ड काढून दहा मिनिटांत फॉल्ट सापडतो. हे कार्डांचं बाड म्हणजे तुमचं भांडवल आहे, शोकेसमधल्या मालापेक्षा मोठं. मालाची किंमत दर महिन्याला उतरते, या बाडाची वाढत जाते.

सुरुवात कुठून?

पुण्यात असाल तर तापकीर गल्ली, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड, नाहीतर तुमच्या तालुक्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, सोल्डरिंग गन, क्रिम्पिंगचा पक्कड, लग, वेगवेगळ्या ॲम्पिअरचे फ्यूज आणि पॅनल उघडायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, एवढ्यावर काम सुरू होतं. मीटर घेताना १० ॲम्पिअर डीसी रेंज आहे ना, ते बघून घ्या. जवळच्या आयटीआयमध्ये ओळख असेल तर तिथल्या सरांकडून मीटर धरायला शिका, त्यात लाज नाही.

मग या आठवड्यात स्वतःच्या किंवा मित्राच्या गाडीचं एक जॉब कार्ड पूर्ण भरा. सगळे आकडे स्वतः मोजा, कुठलाही अंदाजे लिहू नका. अशी दहा गाड्यांची दहा कार्डं झाली की तुमच्या तासाची किंमत काढा आणि बोर्ड रंगवायला टाका. त्यावर स्टिरिओचे फोटो नसले तरी चालतील. "इलेक्ट्रिकल तपासणी" आणि त्यापुढं दर, एवढं ठळक अक्षरात असू द्या.

माल भरायचा प्रश्न त्यानंतर मला विचारा. तोपर्यंत बहुतेक तुम्हालाच त्याचं उत्तर सापडलेलं असेल.